दोन हजार विटांचा हिशेब

आमच्या दीपनगरला राखेचे काही अप्रूप नाही. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या महामार्गावरून लांबूनच दिसतात. तिथे कोळसा जळतो, त्याची राख उरते, राखेपासून विटा होतात आणि त्याच विटांनी आजूबाजूच्या गावांतली घरे उभी राहतात. गेल्या वर्षी आम्ही प्लॉटवर दोन खोल्या बांधायला काढल्या, तेव्हा विटा राखेच्याच घ्यायच्या हे ठरलेलेच होते. कारखानदाराने विटेचा भाव सांगितला आणि वाहतूक वेगळी पडेल म्हणाला. तेवढे पैसे वाचावेत म्हणून मी यावल तालुक्यात माहेरी फोन लावला.

"भाईजान, एक दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली पाठवता का?"

बहिणीने मागितले आणि भावाने नाही म्हटले, असे आमच्या घरात कधी झालेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तापीचा पूल ओलांडून माझा भाचा ट्रॅक्टर घेऊन दारात हजर झाला. नुकतीच त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली होती. सोबत विटा भरायला-उतरवायला गावातले दोन मजूर होते. त्यांतली एक बाई माझ्या लहानपणापासून आमच्या केळीच्या बागेत कामाला येते. तिला आम्ही मावशी म्हणतो. मी सगळ्यांना चहा-नाश्ता दिला. भाच्याच्या हाती स्टिअरिंग पाहून मला कौतुक वाटले, हेही कबूल करते. "लायसन्स आहे ना रे?" एवढे मात्र मी विचारले. "आहे ना फूफी, लर्निंग काढलंय," तो म्हणाला. माझे समाधान झाले.

पहिली खेप नीट झाली. दुसऱ्या खेपेला विटा थोड्या जास्त भरल्या, म्हणजे तिसरी खेप वाचेल. मजूर विटांवरच बसले. महामार्गाच्या भरावावरून खालच्या रस्त्याला उतरताना उतारावर ट्रॉलीने ट्रॅक्टरला मागून रेटले. पोराने घाबरून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर एका अंगाला ओढला गेला, ट्रॉली आडवी झाली आणि विटांसह कलंडली. मावशीचा पाय विटांखाली सापडला. दुसऱ्या मजुराला खरचटण्यावर निभावले, भाच्याला फारसे लागले नाही. मावशीच्या पायाची मात्र दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि आज ती काठी घेऊन चालते.

प्रकरण पोलिसांत गेले. कायद्याने जे व्हायचे ते होत आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहायचे आहे ते नंतर आमच्या लक्षात आलेल्या गोष्टींबद्दल. विम्यासाठी कागद मागितले गेले, तेव्हा एकामागून एक उलगडा होत गेला. ट्रॅक्टरचा विमा चालू होता, पण तो शेतीकामासाठी होता आणि आम्ही तर बांधकामाच्या विटा वाहत होतो. ट्रॉली गावाकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून बनवून घेतलेली. तिचे ना रजिस्ट्रेशन, ना विमा. चालवणाऱ्याकडे शिकाऊ परवाना. जखमी बाई मालावर बसलेली. विम्यातून काहीही मिळाले नाही आणि कागद पाहिल्यावर मला कोणाशी भांडायला तोंडही उरले नाही. दवाखान्याचा खर्च आणि मावशीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई भाईजानने आणि आम्ही मिळून दिली. घराचा स्लॅब वर्षभर लांबला. मावशीच्या पायापुढे ते काहीच नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत वाचू शकणारी बाई आपल्याच माहेरच्या ट्रॅक्टरचे आरसी बुक कधी उघडून पाहत नाही, याची मला लाज वाटली. म्हणून सुट्टीत भाईजानसोबत जळगावच्या आरटीओ कार्यालयात गेले, प्रश्न विचारले, कायद्याची कलमे वाचली. जे समजले ते सोपे करून सांगते, कारण आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे.

पहिली गोष्ट लायसन्सची. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार 'हलके मोटार वाहन', म्हणजे ज्याला आपण एलएमव्ही म्हणतो, त्याची मर्यादा ७,५०० किलो आहे. पण हे ७,५०० किलो दोन तऱ्हेने मोजतात. टेम्पोसारख्या मालवाहू गाडीचे वजन मालासकट धरतात. कार आणि ट्रॅक्टरचे वजन रिकामे धरतात. शेतीचा ट्रॅक्टर रिकामा असताना या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो, म्हणून तो हलक्या वाहनात मोडतो. त्याला ट्रॉली जोडली तर लायसन्स बदलावे लागते का? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी खटल्यात सांगितले की ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेल्याचा परवाना केवळ मागे ट्रॉली जोडली म्हणून निकामी होत नाही. छोट्या मालवाहू गाड्यांबद्दलही असाच वाद बरीच वर्षे चालला. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात आणि पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांच्या खास अटी मात्र कायम आहेत.

हे वाचून भाईजान म्हणाला, "म्हणजे आपलं बरोबरच होतं की!" नव्हते. कारण परवाना पक्का हवा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि त्या काळात शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस बसलेला असावा लागतो. तीस दिवसांनंतर परीक्षा देऊन पक्के लायसन्स काढता येते. आमच्या पोराने ते 'हंगाम संपल्यावर' म्हणून पुढे ढकलले होते. परवाना नसताना गाडी चालवली तर दंड ५,००० रुपये आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. मुलगा अठराच्या आतला असेल तर गोष्ट फार पुढे जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचे रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "आमचा बारा वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो" असे कौतुकाने सांगणाऱ्या वडिलांनी हे एकदा वाचावे.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. आपण ट्रॉलीला ट्रॅक्टरचे शेपूट समजतो. कायदा तसे समजत नाही. मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ट्रॉलीला इंजिन नसले तरी ती स्वतंत्र वाहन आहे. तिचे वेगळे रजिस्ट्रेशन आणि वेगळा विमा हवा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर दिसला पाहिजे, कारण मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसत नाही, ट्रॉलीच दिसते. आणि रजिस्ट्रेशन झाले की आरसीवर दोन आकडे येतात, रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन. या दोहोंतला फरक म्हणजे आपल्याला भरता येणारा माल.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लायसन्स फक्त माणसाबद्दल बोलते. ट्रॅक्टरचे रिकामे वजन बघून ते सांगते की हा माणूस ही गाडी चालवू शकतो. ट्रॉलीत किती भरायचे, याबद्दल ते एक शब्दही सांगत नाही. ते ट्रॉलीच्या आरसीवर लिहिलेले असते. खिशात पक्के लायसन्स असूनही माणूस बेकायदा वजन ओढू शकतो आणि आमच्याकडे तर दोन्ही नव्हते.

माझा एक चुलतभाऊ इंग्लंडमध्ये राहतो. फोनवर त्याने तिकडचा नियम सांगितला. १ जानेवारी १९९७ पासून जे कारची परीक्षा पास झाले, त्यांना जड ट्रेलर ओढायचा तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट काढली आणि आता कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण तिकडेही प्रत्येक गाडी किती वजन ओढू शकते ते बनवणाऱ्याने ठरवून दिलेले असते आणि ती मर्यादा काही सैल झालेली नाही. लायसन्सची अट सैल झाली म्हणून गाडीची ताकद वाढत नाही, हे तिकडेही खरे आणि इकडेही.

शाळा सुरू झाल्यावर एका रिकाम्या तासाला मी आठवीच्या वर्गावर गेले. फळ्यावर लिहिले : एक वीट तीन किलोची, तर दोन हजार विटा किती किलोच्या? हात वर झाले. सहा हजार किलो, म्हणजे सहा टन. मी विचारले, "ट्रॉलीत किती भरायची परवानगी आहे?" एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते गणितात दिलेलंच नाही." बरोबर होते त्याचे. आमच्याही गणितात ते दिलेले नव्हते. आमच्या ट्रॉलीचे रजिस्ट्रेशनच नसल्याने मर्यादेचा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. विटा मात्र आम्ही मोजून घेतल्या होत्या, कारण त्यांचे पैसे द्यायचे होते.

जास्त वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. पण दंड ही यातली लहान बाब आहे. खरा धोका उतारावर असतो. गावाकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर ती दोन्ही पेडले पट्टीने जोडून ठेवायची असतात. आमच्या पोराने ती जोडलेली नव्हती. एकच पेडल दाबले गेले, एकच चाक अडले आणि मागचे सहा टन आपल्या वाटेने निघाले. माल ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला जास्त भरला तरी ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. ही माहिती कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला असते. आम्ही ती पोराला दिली नव्हती, चावी दिली होती.

शेवटची गोष्ट माणसांची. मालावर किंवा मडगार्डवर बसणे आपल्याकडे कोणालाच वावगे वाटत नाही. केळीचे घड भरून झाले की मजूर वर बसतात. लग्नाचे वऱ्हाड ट्रॉलीतून निघते. बायका, मुले, सगळे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याच यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेली गाडी उलटली आणि त्यावर बसून घरी परतणारे पंधरा मजूर मरण पावले. रावेर तालुक्यातली ही सारी हातावर पोट असलेली माणसे. त्या दिवशी आम्ही सगळे हळहळलो होतो. तरीही माझ्या विटांवर मावशीला बसवताना मला किनगाव आठवले नाही.

मजुराची मजुरी आपण वेळेवर देतो आणि हक्क दिला असे समजतो. त्याला सुखरूप घरी पोचवणे हाही त्याचाच हक्क आहे. मी मावशीला हे म्हटले तेव्हा ती हसून म्हणाली, "बाई, मलाही खाली उतरून चालता आलं असतं. पण दमले होते." मला काय बोलावे सुचले नाही.

आता भाईजानने ती ट्रॉली मोडीत काढली आणि कागदपत्रांसह दुसरी घेतली. तिच्या मागे ट्रॅक्टरचा नंबर रंगवला आहे, लाल रिफ्लेक्टर लावले आहेत. भाच्याने परीक्षा देऊन पक्के लायसन्स काढले. जड माल असला की तो आधी वजनकाट्यावर जातो आणि पावती खिशात ठेवतो. ट्रॉलीत माणूस बसलेला दिसला तर इंजिन चालूच करत नाही. परवा नात्यातल्या एका लग्नात त्यावरून रुसवाफुगवीही झाली. वऱ्हाडासाठी शेवटी गाडी भाड्याने करावी लागली. भाबी कुरकुरली, पण तीच पुढे म्हणाली, "पोरगा म्हणतो ते खरं आहे."

आपल्या घरी ट्रॅक्टर असेल तर आज संध्याकाळी कपाटातले कागद काढा. चालवणाऱ्याचे लायसन्स पक्के आहे का, ट्रॉलीचे स्वतःचे रजिस्ट्रेशन आणि विमा आहे का, विमा कोणत्या कामासाठी आहे आणि आरसीवर वजनाचा आकडा किती आहे, एवढेच वाचा. घरात मराठी-इंग्रजी वाचणारी मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही ते केले असते, तर मावशी आजही केळीच्या बागेत पहिल्यासारखी उभी राहून घड उचलत असती.