कार्यमुक्त

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत शिपायाला मुले सहसा नावाने ओळखत नाहीत. हजेरीपटावर, सेवापुस्तकात आणि वेतनबिलावर त्याचे नाव असते. मुलांच्या तोंडी मात्र तो 'मामा' असतो. शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी तो 'सर'च राहतो. सर हे पद आहे, मामा हे नाते आहे. मामा म्हणजे आईकडचा माणूस, घरातला धाक ज्याच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही असा. मुलांनी हा शब्द शाळेत आणताना फार विचार केला असेल असे नाही; पण तो नेमका बसला आहे. वर्गात जे बोलता येत नाही ते बोलण्याची एक जागा या शब्दाने शाळेच्या व्हरांड्यात राखून ठेवली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित विद्यालयात तेरा वर्षे मामा म्हणून वावरलेला एक चौतिशीचा माणूस २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षक झाला. त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमात जो तो एकच वाक्य म्हणत होता : शिपायाचा शिक्षक झाला. प्रत्येक वेळी टाळ्या पडत होत्या आणि तो मान खाली घालून बसला होता. वाक्य कौतुकाचे होते, पण त्यात क्रम चुकला होता. वस्तुतः तो आधी शिक्षक होण्यासाठी शिकला होता आणि नंतर शिपाई झाला होता.

त्याचे वडील याच शाळेत शिपाई होते. बारावीनंतर त्यांनी त्याला डी.एड.ला घातले. त्या वर्षांत गावोगावी अध्यापक विद्यालये निघत होती आणि डी.एड. म्हणजे नोकरी, असा हिशेब घरोघरी मांडला जात होता. तो २०१० मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास वडील गेले. सेवेत असताना मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते. २०११ मध्ये ती त्याला मिळाली. वर्षभर ही घंटा द्यावी, शिक्षकभरती निघाली की जावे, असे त्याने आईला सांगितले होते. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीच थांबवण्यात आली. पुढे २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, ती तो दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला. मग २०१७ ची अभियोग्यता चाचणी आली, तीत तो मागे पडला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून त्याने या काळातच बी.ए. केले. २०२३ च्या चाचणीत त्याला पुरेसे गुण मिळाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडयादीत त्याचे नाव आले. एका वर्षाच्या बोलीवर धरलेली नोकरी तेरा वर्षे चालली होती.

या तेरा वर्षांत तो वर्गात शिरला नाही असे नाही. रोज दोनदा सूचनावही घेऊन तो प्रत्येक वर्गात जात असे. शिक्षक वाचून सही करीपर्यंत फळ्याकडे पाहत उभा राही. एखादे शिक्षक रजेवर असले की मुख्याध्यापक त्याला मुले शांत ठेवायला पाठवीत. शिकवायचे नाही, फक्त बसायचे, अशी सूचना असे. तो खुर्चीवर कधी बसला नाही. खिडकीपाशी उभा राहून मुलांना वाचायला लावी, आणि एखाद्याची गाडी जोडाक्षरावर अडली की तिथून पुढे ढकली. डी.एड.ला घोकलेले बालमानसशास्त्र त्याला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा खरे वाटू लागले. फळ्यावर मात्र त्याने कधी खडू टेकवला नाही. खडूची खोकी वाटण्याचे काम त्याचे होते. खडू चालवण्याचे नव्हते. ही रेघ त्याला कोणी आखून दिली नव्हती, आणि ती ओलांडावी असे त्यालाही कधी वाटले नाही.

ग्रंथालयाची दोन कपाटे झाडण्याचे काम त्याच्याकडेच होते. तिथे त्याला नारायण सुर्वे भेटले. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने वाढवलेला हा अनाथ मुलगा पुढे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होता आणि १९६१ मध्ये महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह त्यानंतर वर्षभरात, १९६२ मध्ये आला. मराठी समीक्षेने सुर्व्यांचा विचार कामगारवस्तीचा कवी म्हणून पुष्कळ केला. पण शाळेच्या एकाच इमारतीत दारापाशी आणि टेबलामागे अशा दोन्ही ठिकाणी उभा राहिलेला माणूस म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवे. 'मास्तर तुमचंच नाव लिवा' या कवितेत एक वेश्या आपल्या मुलाला शाळेत घालायला आली आहे आणि ती मास्तरांशी बोलते आहे. बापाच्या नावाचा रकाना त्या बाईच्या बाजूने कसा दिसतो, हे टेबलामागे बसून एरवी कळत नाही.

या शिपायाने ती कविता वाचली ती जून महिन्यात, प्रवेशाच्या दिवसांत. जनरल रजिस्टर कपाटातून काढून कार्यालयात नेणे आणि लिहून होईपर्यंत पाठीमागे थांबणे, हे त्याचे काम. नवऱ्याने टाकलेल्या बायका मुलांची नावे घालायला येत आणि वडिलांच्या नावापाशी त्यांचा आवाज बारीक होई, हे त्याने तिथूनच पाहिले होते. पुस्तक त्याने पुन्हा कपाटात ठेवले. त्याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. पण शिक्षक व्हायचे तर कोणत्या प्रकारचा, याविषयी त्याच्या मनात काहीतरी ठरले ते त्या दिवसांत.

निवडयादीत नाव आल्यावर घरात आनंद झाला, तसाच हिशेबही झाला. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' असतो. २००० सालापासून चालत आलेल्या या पद्धतीत त्याला वेतनश्रेणी मिळत नाही, मानधन मिळते. २०२३ पासून प्राथमिक शाळेसाठी ते दरमहा १६,००० रुपये आहे. तेरा वर्षांच्या वेतनवाढी आणि महागाई भत्ता धरून शिपाई म्हणून त्याच्या हाती येणारी रक्कम याहून बरीच अधिक होती. शिवाय नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे घाटाखाली. आई म्हातारी, धाकटी मुलगी बालवाडीत. सासरे म्हणाले, मास्तरकीचा मान मोठा, पण मानाने किराणा येत नाही. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या डी.एड.च्या प्रमाणपत्राला नवे प्लास्टिक घातले आणि कागदपत्रांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवले.

अडचण आणखी एक होती आणि ती घरातली नव्हती. खाजगी अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे यापुढे रिकामी होतील तशी भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचा, असे शासनाने डिसेंबर २०२० मध्ये ठरवले. ग्रामीण भागासाठी हा भत्ता महिना ५,००० रुपये ठरला. म्हणजे तो गेला की त्याच्या जागी दुसरा शिपाई नेमला जाणार नव्हता. पाच हजारांत मिळेल तो माणूस येईल, दुसरीकडे सहा हजार मिळाले की जाईल. त्याच्या वडिलांपासून चालत आलेले ते पद त्याच्याबरोबरच संपणार होते. वडिलांच्या मृत्यूमुळे मिळालेली आणि आपल्या जाण्याने नाहीशी होणारी नोकरी सोडताना माणसाला काय वाटावे, याचे कोष्टक नसते. आपण पुढे निघालो आहोत की कोणाला उघड्यावर टाकून चाललो आहोत, हे त्याला अनेक रात्री उमजेना.

शाळा सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला चार्ज द्यावा लागतो. कनिष्ठ लिपिकाने यादी केली. सव्वीस किल्ल्यांचा जुडगा, त्यांपैकी तीन कुलपे बदललेली. घंटा एक, लोखंडी, आणि तिचा टोला. पाण्याचे पिंप दोन. बादल्या चार, एक फुटकी. बॅटरी, झेंड्याची दोरी, सूचनावही, टपालवही, खडूची शिल्लक खोकी. प्रत्येक वस्तूपुढे त्याने 'दिली' म्हणून सही केली आणि लिपिकाने 'घेतली' म्हणून. पाऊण तासात काम संपले. तेरा वर्षांची नोकरी फुलस्केप कागदाच्या एका बाजूत मावली.

जे यादीत नव्हते ते कोणाच्या हवाली करायचे, हा प्रश्न त्याच्यापाशी उरला. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये नववीत गेलेली चार-दोन मुले मधल्या सुटीत खिचडीच्या शेडभोवती उगीच रेंगाळतात. काल ज्या रांगेत हक्काने उभी होती ती रांग आज त्यांची नसते. त्यांना मामा भांडी उचलायला बोलावीत असे. भांडी उचलणाऱ्याला तळाची खिचडी मिळते, आणि भांडी उचलताना कोणी कोणाला भुकेला म्हणत नाही. ही व्यवस्था कोणत्याही वहीत नोंदलेली नव्हती. सातवीतली एक मुलगी धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येते, म्हणून रोज पाच-सात मिनिटे उशीर होतो. घंटा त्याने कधी उशिरा दिली नाही. फाटक मात्र तो सावकाश लावी. दहावीतला एक मुलगा मुतारीमागे जाऊन का रडतो, हे त्याला माहीत होते आणि कोणाला सांगायचे नाही असे कबूल केलेले होते. त्या कबुलीचा चार्ज देता येत नाही.

तरीही त्याने प्रयत्न केला. दुसरे शिपाई वयाने वडील होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. त्यांना त्याने फाटकाची आणि खिचडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी फाटक तसंही सावकाशच लागतंय. माझ्यानंतरचं मात्र मला विचारू नकोस." मुलाचे त्याने सांगितले नाही. वर्गशिक्षकांना एवढेच म्हणाला, सर, त्याच्याकडे जरा बघा. वर्गशिक्षक म्हणाले, का, काय केले त्याने? ते सज्जन होते, मुलांसाठी खपणारे होते. पण टेबलामागच्या माणसाला पहिला प्रश्न तोच सुचतो. आणि यापुढे आपणही टेबलामागेच बसणार आहोत, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले. पगाराच्या हिशेबाने तो घाबरला नव्हता. या प्रश्नाने घाबरला.

मुलांचा निरोप तसा रीतसर झाला. शाल, श्रीफळ, पेन. एका मुलीने भाषण पाठ केले होते, तिने सुरुवातीला 'आदरणीय सर' म्हटले आणि सभागृहात हसू उठले, कारण ते कोणाविषयी आहे हे काही मुलांना कळलेच नाही. कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलण्यासाठी तो सवयीने उठला. मुख्याध्यापकांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. खुर्च्या मुलांनी उचलल्या. दुसऱ्याने आवरलेले सभागृह पाहत बसण्याची त्याची ती पहिली वेळ. ती त्याला जड गेली. कार्यमुक्तीच्या आदेशावर तारीख होती आणि 'आज रोजी माध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे' असे ठरीव वाक्य होते. माणूस कामातून मोकळा होतो तो दुपारनंतर, हे शासनाच्या भाषेने ठरवून ठेवले आहे. मन कधी मोकळे होते, हा तिच्या कक्षेबाहेरचा विषय.

जूनमध्ये तो कुंभार्ली घाट उतरून गेला. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथीची, दोन शिक्षकांची. दोन खोल्या, पुढे पडवी, पावसाने हिरवी पडलेली फरशी. आधीच्या गुरुजींनी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या तेव्हा त्याला उलगडा झाला : जिल्हा परिषदेच्या अशा प्राथमिक शाळेत शिपायाचे पद नसते. कुलूप शिक्षकाने उघडायचे, खोली शिक्षकाने मुलांना घेऊन झाडायची, घंटाही त्यानेच द्यायची. ज्या कामाचा त्याने सहीनिशी चार्ज दिला होता ते त्याच्या आधी घाट उतरून तिथे येऊन बसले होते.

पडवीच्या वाशाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्याने दहा वाजता टोले दिले. मुले ओढ्याच्या बाजूने पळत आली, छत्र्या मिटून रांगेत उभी राहिली. एक मूल मागे राहिले होते, पाणंदीत चिखलात पाय वाचवत येत होते. आजवर या वेळी त्याचे काम फाटकापाशी असे, आणि वर्गात कोणीतरी दुसरा हजेरी घेत असे. आता हजेरीही त्याचीच होती. तो टोला हातात घेऊन ते मूल पडवीत येईपर्यंत थांबला, त्याचे पाय धुऊन झाल्यावर त्याला पुढे घातले, आणि मग त्याच्यामागून वर्गात गेला.