सोनाराची फुंकणी आणि आमचा टॉर्च

पेणचे नाव गणपतीच्या मूर्तींसाठी आणि रोह्याचे धाटावच्या कारखान्यांसाठी. दागिना घडवणे मात्र दोन्हीकडे सोनाराचेच काम. त्याची फुंकणी आपल्या घरात कुणी हाती धरली नव्हती. आता लायटरमधल्याच ब्युटेन गॅसवर चालणारा छोटा टॉर्च मिळतो. त्यावर पेणच्या आम्ही तिघी आणि रोह्याच्या दोघी, घरचे काम आवरून, चांदीच्या कुड्या आणि अंगठ्या जोडतो.

एका मावशींनी आम्हाला टोकले, "डिसेंबर १९२७ ला याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी आपल्या बायांना भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या पाटल्या टाकायला सांगितल्या. अन् तुम्ही दागिनेच घडवता?" आम्ही म्हणालो, "मावशी, बाबासाहेबांनी टाकायला सांगितली ती जातीची खूण. हे तर हातचे कसब आहे, चार पैसे देणारे."

भगिनींनो, कसब असे. सांधा आधी नीट जुळवावा; उजेडासमोर धरून फट दिसली, तर झाळ ती भरत नाही. सांध्याला टाकणखार लावून झाळेचा बारीक तुकडा ठेवावा. ज्योत तुकड्यावर न रोखता सगळा दागिना तापवावा, कारण झाळ उष्णतेकडे धावते. चांदी ९६१ अंशांना वितळते, झाळ त्याच्या थोडी आधी. म्हणून झाळ चकाकून पळाली की ज्योत लगेच बाजूला घ्यावी. काळेपणा तुरटीच्या गरम पाण्यात निघतो. जाड कड्याला मात्र हा टॉर्च पुरत नाही. चांदी उष्णता पसरवून टाकते.

आता जिवाचे बोलू. झाळ घेताना तिच्यात कॅडमियम आहे का, हे विचाराच. 'केडीएम' दागिन्यांतले कॅडमियम ते हेच. झाळ जास्त तापली की त्याचा धूर निघतो आणि फुप्फुसे, मूत्रपिंडे निकामी करतो. दुकानदाराला सांगता येत नसेल, तर ती झाळ घेऊ नये. बिनकॅडमियमची झाळ असली तरी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्युटेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टॉर्च अंगणात, चुलीपासून आणि दिव्यापासून दूर भरावा. पोरांना जवळ येऊ देऊ नये.

फुंकणी धरणाऱ्याच्या घरी हे शहाणपण बापाकडून लेकाकडे जात होते. आपल्याला ते एकमेकींना सांगूनच पुढे न्यायचे आहे.