कानांनी पाहिलेला सामना

आमच्या इमारतीत माझ्याविषयी एक प्रवाद आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत, बहुधा शनिवारी रात्री साडेनवाच्या सुमाराला, आमच्या दिवाणखान्यात कोणी एक अमेरिकन गृहस्थ घसा खरवडून ओरडू लागतो. त्याच्यामागे लाखभर माणसे ओरडत असतात आणि मध्येच बँड वाजतो. वरच्या मजल्यावरचे शेजारी एकदा खाली आले आणि "टीव्हीचा आवाज जरा…" असे नम्रपणे म्हणाले. टीव्ही बंद आहे, हे मी त्यांना दाखवले, तेव्हा ते अधिकच काळजीत पडून परत गेले. त्यांच्यासाठी, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर दुसऱ्याच्या घरातले थोडे ऐकायला कोणाला आवडत नाही म्हणूनही, हा खुलासा.

आमचा नातू अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. खेळाडू म्हणून त्याचे नाव सांगता आले असते तर बरे झाले असते. पण तो खेळत नाही. तेथील कॉलेज-फुटबॉलच्या सामन्यांत जो मोठा बँड वाजतो, त्यात तो ट्रंपेट वाजवतो. त्याचे मराठी 'आजी, कशी आहेस', 'मी बरा आहे' आणि 'जेवलो' या तीन वाक्यांत संपते. आमचे इंग्रजी तसे बरे असले तरी त्याच्या कानाला ते गेल्या शतकातले वाटते. दर रविवारी फोन यायचा, तीन वाक्ये व्हायची आणि मग दोन्हीकडे नुसते श्वास ऐकू यायचे.

त्यातच हिच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. उजवा डोळा गेला. डाव्याने नळीतून पाहावे तेवढे दिसते. डॉक्टरांनी आहे ते टिकवा म्हणून सांगितले. अजून प्रवास झेपतो आहे तोवर जाऊन येऊ, असे म्हणून २०२३ च्या शरदात आम्ही मुलाकडे गेलो.

१४ ऑक्टोबरला अॅन आर्बर गावी इंडियाना विद्यापीठाशी सामना होता. मुलाने माझ्यासाठी तिकीट काढले. आईसाठी काढले नाही.

"आई, साडेतीन तास बाकावर बसायचं. थंडी, गर्दी. आणि तुला…" पुढचा शब्द त्याने गिळला.

"दिसायचं नाही," हिने तो पुरा केला. "पण ऐकू येईल ना? तो वाजवतोच आहे, नाचत थोडाच आहे?"

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि वर तेथे सूर्याला खंडग्रास ग्रहण. मी भीत भीत तेही सांगून पाहिले. "मला कुठं सूर्य दिसतोय ग्रहण पाळायला!" असे म्हणून तिने कानटोपी चढवली.

ते क्रीडांगण पाहताना प्रथम फसायला होते. १९२७ साली बांधलेले, एक लाख सात हजार सहाशे एक माणसांचे. पण त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. रस्त्यावरून ते एवढे मोठे वाटतच नाही. दारातून आत पाऊल टाकावे आणि पायांखाली एकदम दरी उघडावी, तसे होते. मी अवाक् होऊन उभा राहिलो. ही माझी बाही ओढत विचारू लागली, "काय दिसतंय? सांगा ना."

"अगं, केवढं मोठं आहे!" मी म्हणालो.

"केवढं म्हणजे केवढं?"

"खूपच. माणसंच माणसं. पिवळी-निळी."

ती गप्प बसली. थोड्या वेळाने बँड मैदानात आला. बँडप्रमुखाने मागे वाकत वाकत डोके जमिनीला टेकवले. सगळे क्रीडांगण गरजले. ही पुन्हा विचारू लागली. मी पाहण्यात गुंग. "थांब, सांगतो," म्हणालो आणि सांगितले नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ बसले होते. समोर सामना चालू असताना त्यांच्या कानात रेडिओ होता! त्यांचे म्हणणे असे की, कोण खेळले ते डोळ्यांना दिसते, पण काय घडले ते रेडिओवरच कळते. बॉब उफर नावाचे एक समालोचक १९४५ पासून १९८१ पर्यंत मिशिगनचे सामने सांगत. ते 'मीचिगन' असा उच्चार करीत आणि आनंद झाला की भोंगा वाजवीत. तेव्हापासूनची ही सवय, असे ते म्हणाले. हिची अडचण त्यांनी न सांगता ओळखली. एक कर्णनलिका काढून, पुसून, तिच्या हातात दिली.

इंडियानाने पहिले गुण घेतले. शेवटी मिशिगनने ५२–७ असा सामना जिंकला. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि मला फारसे कळले नाही. हिला मात्र सगळे कळले. परतताना गाडीत ती मलाच समजावून सांगू लागली, "अहो, सोपं आहे. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू हातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. गेलात तर आणखी चार मिळतात. नाहीतर चेंडू समोरच्यांचा. म्हणजे आपल्या वाड्याच्या दाव्यासारखंच! चार तारखांत दहा पावलं, नाहीतर कागद परत पहिल्या टेबलावर."

मग मी एक चूक केली. "तुला इतकं समजलं, आणि मी शेजारी बसून सांगत होतो ते…"

"तुम्ही सांगत नव्हता," ती शांतपणे म्हणाली. "त्या रेडिओवाल्याला ठाऊक असतं की ऐकणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही विसरता."

विमानात मी हे वाक्य चौदा-पंधरा तास चघळत होतो.

पुण्याला आल्यावर आमचे शनिवार सुरू झाले. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांच्या उपयोगाचे म्हणून सांगतो. टीव्हीवर सामना कोणत्या वाहिनीवर आणि किती वाजता, हे पुष्कळदा बारा दिवस आधी आणि कधी तर सहाच दिवस आधी ठरते. म्हणून आधी वेळ विचारून घ्यावी. तिकडची दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे गेली की साडेदहा. एके काळी हा प्रश्नच नव्हता. कॉलेज-फुटबॉल रेडिओवर १९२१ साली आला, टीव्हीवर १९३९ साली. पण घरबसल्या दिसू लागले तर तिकिटे कोण घेणार, या भीतीने कॉलेजांच्या क्रीडासंघटनेने १९५० नंतर टीव्हीवरचे सामने रेशनच्या साखरेसारखे मोजून द्यायला सुरुवात केली. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मक्ता मोडला, आणि आता इतके सामने दिसतात की माणसाने शनिवारी दुसरे काही करूच नये.

पण आम्हाला टीव्हीचा उपयोग नाही, आणि तो केवळ हिच्या डोळ्यांमुळे नव्हे. मध्यंतरात बँड मैदानभर फिरून वाजवतो, नेमके तेव्हाच टीव्हीवर जाहिराती आणि कोट घातलेली तज्ज्ञ मंडळी येतात. चारशे मुलांनी आठवडाभर घोटलेले ते वादन क्वचितच दाखवतात. रेडिओवर मात्र समालोचक बोलत असताना त्याच्या पाठीमागे, पडद्याआडून यावा तसा, बँड सारखा वाजत असतो. विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे हे समालोचन इंटरनेटवरून ऐकता येते. एक पथ्य आहे: ते प्रत्यक्ष खेळाच्या अर्धे-पाऊण मिनिट मागे असते. मुलाचा 'टचडाउन!' असा निरोप आधी यायचा आणि इकडे चेंडू अजून वीस यार्डांवर! तेव्हापासून सामना चालू असताना माझा मोबाइल स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यावर असतो.

लहानपणी शेजारच्यांच्या रेडिओभोवती आम्ही क्रिकेट ऐकायला बसत असू. पुढे बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने तर मैदान घरातच आणून ठेवले. तेव्हा मी नुसता ऐकत असे. या वयात मी समालोचक काय करतो ते लक्ष देऊन ऐकू लागलो. तो आधी धावसंख्या सांगतो. किती वेळ उरला, ते सांगतो. कोणता संघ कोणत्या बाजूने कोठे चालला आहे, ते सांगतो. 'प्रचंड', 'सुंदर' हे शब्द तो शेवटी वापरतो. आधी चेंडू कोठे आहे ते सांगतो.

२ नोव्हेंबर २०२४ ला, पाडव्याच्या दिवशी मिशिगनची गाठ ऑरेगनशी होती. सामना तिकडे दुपारी साडेतीनला. म्हणजे आमच्याकडे रात्रीचा एक. मी म्हटले, झोपू या. ही म्हणाली, "ओवाळून घेतलंत ना? मग जागा." पहाटेपर्यंत आम्ही शालीत गुरफटून चिवडा खात बसलो. मिशिगन ३८–१७ असे हरले. मी मधूनमधून पेंगत होतो. ही बँड ऐकत होती.

"त्याचा ट्रंपेट ओळखू येतो का गं तुला?" मी विचारले.

"चारशेंतला एक कसा ओळखू येईल? तो त्यात आहे, एवढं ऐकते."

भाऊबिजेच्या संध्याकाळी नातवाचा फोन आला. तीन वाक्यांपैकी दोन झाली होती. इतक्यात ही इंग्रजीत म्हणाली, "काल शेवटी शेवटी लोक उठून चालले होते ना रे? तुमच्या मागचा आवाज विरळ होत गेला. पण तुम्ही वाजवत राहिलात."

पलीकडे शांतता पसरली. मग तो बोलू लागला. आणि पाऊण तास बोलत होता. रिकाम्या होत जाणाऱ्या बाकांसमोर वाजवताना काय वाटते, ते त्याने सांगितले. मग रसायनशास्त्राच्या परीक्षेत नापास झाल्याचे, घरी अजून न सांगितल्याचे आणि शिक्षणच सोडून द्यावे असे वाटत असल्याचेही सांगितले. हिने उपदेश केला नाही. "किती प्रयत्न झाले?" एवढेच विचारले.

"एक."

"मग अजून तीन आहेत," ही म्हणाली. त्याच्या हसण्याचा आवाज मला पलीकडच्या खुर्चीपर्यंत ऐकू आला.

त्याने नंतर स्वतःच वडिलांना सांगितले. दुसऱ्या प्रयत्नात तो पास झाला.

यंदा हिचा डावा डोळाही अधिक मंदावला आहे. परवा समोरच्या मुलींनी दारात रांगोळी काढली. ही उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. 'केवढी सुंदर' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते मी गिळले.

"डावीकडून सुरू करतो," मी म्हणालो. "उंबऱ्यापासून दोन हात. पहिलं कमळ. आठ पाकळ्या, सहा भरून झाल्यात, गुलाबी. सातवी धाकटी भरते आहे. जीभ बाहेर काढून."

"बरं," ही म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून नीट उभी राहिली. "पुढं?"