सैतानाची साक्ष
कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्म्याने पछाडलेला मनुष्य प्रभू येशूला पाहून ओरडला, तेव्हा तो जे बोलला ते असत्य नव्हते. शिष्यांनाही जे अद्याप उमगले नव्हते ते प्रभूचे देवपण त्या भुताने भर सभेत उच्चारले, आणि तरीही प्रभूने त्याला गप्प राहण्याचाच हुकूम केला. पुढे फिलिप्पै नगरात भविष्य सांगणारी एक दासी पौलाच्या मागे हिंडत त्याच्या कार्याची ग्वाही देऊ लागली, तेव्हाही पौल हर्षित न होता कष्टी झाला व त्याने तिच्यातील आत्म्याला घालवून दिले. सैतानाविषयी ख्रिस्ती शास्त्राने जे शिकविले आहे त्यात मला हीच बाब सर्वांत मोलाची वाटते, की त्याची साक्ष खरी असली तरीही ती मंजूर करावयाची नाही.

या तत्त्वाचा विसर पडला म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, याचा दाखला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६९२ साली चेटकाच्या खटल्यांत मिळाला. सेलम येथे झटके येणाऱ्या मुली अमक्या स्त्रीची छाया आपणांस छळते अशी जबानी देत, आणि सैतानाला निरपराध मनुष्याचे रूप घेताच येत नाही, अशी मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांची धारणा असल्यामुळे ती छाया हाच पुरावा ठरे. मी खोटी शिकवण म्हणतो ती हीच. कारण सैतान तेजस्वी देवदूताचेही सोंग घेतो असा इशारा पौलाने करिंथच्या मंडळीला केव्हाच दिला होता, आणि ज्याला देवदूताचे रूप साधते त्याला एखाद्या भाविक आजीबाईचे का साधू नये? सत्तरी ओलांडलेल्या रिबेका नर्स यांना पंचांनी आरंभी निर्दोष ठरविले असताही न्यायासनाने पंचांना फेरविचारास पाठविले, आणि १९ जुलै रोजी त्या फाशी गेल्या. त्यांची बहीण मेरी ईस्टी हिने मरणापूर्वी केलेला अर्ज स्वतःच्या प्राणांसाठी नव्हता, आणखी निष्पाप रक्त सांडू नये यासाठी होता. ज्यांनी चेटकाचा खोटा कबुलीजबाब दिला त्यांचे प्राण वाचले. ज्यांनी खोटे बोलणे नाकारले, अशा एकोणीस जणांना फास मिळाला.

हा प्रकार थांबविण्यास जे कारण झाले ते सैतानावरील अविश्वास नव्हे. धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर यांनी ऑक्टोबरात शास्त्राधारे प्रतिपादन केले की सैतान निरपराध्याचेही रूप घेऊ शकतो. त्याच्या कपटावर त्यांचा पूर्ण विश्वास होता म्हणूनच त्याच्या पुराव्यावर नव्हता. त्याच महिन्यात गव्हर्नर फिप्स यांनी ते न्यायालय बरखास्त केले. आजही एखाद्या प्रार्थनासभेत झपाटलेल्या मुलीला 'तुला कोणी पाठविले?' असे खोदून विचारतात, आणि तिच्या तोंडून शेजारणीचे किंवा जावेचे नाव निघताच सारी सभा ते खरे मानते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे १६९७ च्या जानेवारीत, उपवासाच्या दिवशी, सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअल हे बॉस्टनच्या उपासनामंदिरात आपल्या जागी उभे राहिले व त्यांचा कबुलीजबाब सर्वांसमक्ष वाचला गेला. पंचांनीही क्षमा मागितली, परंतु अंधाराच्या सत्तांनी आपणांस भुलविले असे त्यांनी आपल्या कैफियतीत नमूद केले. सूअल यांनी दोष आणि लज्जा दोन्ही स्वतःच्या पदरी घेतली. त्यांच्या त्या लेखात सैतानाचे नाव कोठेही नाही.