तरंगंबाडीचा किनारा

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं सहकुटुंब तामिळनाडूंतील तरंगंबाडी पाहिली. डॅनिश लोक हिला ट्रांकेबार म्हणत. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून त्यांनीं इ. स. १६२० मध्यें ही जागा मिळविली व डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढें १८४५ मध्यें सर्व गांव इंग्रजांस विकून ते निघून गेले. जुना व्यापार आतां मुळींच उरला नाहीं. जवळच्या मासिलामणिनाथाच्या देवळाचा बराच भाग समुद्रानें गिळला आहे, आणि २००४ सालच्या त्सुनामीनें तर माणसेंही नेलीं. माझी वृद्ध आई वाळूवर बसून राहिली. नातवंडांस ती पाण्याजवळ जाऊं देईना.

माझें चित्त मात्र किल्ल्यांत रमलें नाहीं. १७०६ मध्यें झीगेनबाल्ग हे जर्मन मिशनरी प्लुचाऊ नांवाच्या सोबत्यासह येथें उतरले, तेव्हां त्यांचें वय अवघें चोवीस. तामिळ शिकण्यासाठीं ते मुलांच्या पंक्तींस बसून वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत, असें सांगतात. डॅनिश अधिकाऱ्यानेंच त्यांस चार महिने कैदेंत ठेविलें होतें. पुढें जर्मनींतील हाले येथून तामिळ खिळे आले, पण ते इतके मोठे कीं कागद पुरेना. मग येथेंच लहान खिळे ओतविले, आणि १७१५ मध्यें तामिळ नवा करार छापून पुरा झाला. भारतीय भाषेंत छापलेला हा पहिलाच. चार वर्षांनीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांनीं बांधविलेल्या न्यू जेरुसलेम मंदिरांत त्यांची कबर आहे.

आमचे चिरंजीव दहावींत आहेत. अकरावींत मराठी सोडून माहिती तंत्रज्ञान घेण्याचा त्यांचा निश्चय. गुण अधिक मिळतात ना! यावरून घरांत बरेंच वाजलें होतें. कबरेपाशीं मीं तो विषय काढला नाहीं. बाहेर आल्यावर त्यानेंच विचारलें, "बाबा, पण त्यांना तामिळमध्यें मार्क कोण देत होतें?" त्याची आई हंसली.

परततांना आम्ही तंजावरास थांबलों. १७५० मध्यें तरंगंबाडीस आलेले श्वार्ट्झ पुढें तंजावरीं राहिले; सरफोजी राजे भोसले त्यांचेच शिष्य. तेथील बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख १८०३ मध्यें कोरविला आहे. इतक्या दूर देवनागरी पाहून मुलगा थबकला, आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानें वाचूं लागला. एका जुन्या शब्दापाशीं तो अडला व माझ्याकडे पाहूं लागला. मलाही त्याचा अर्थ चटकन् सांगतां येईना.