चेंडूंचा हिशेब

मिरजेहून मी चेन्नईला आलो तो नोकरीसाठी, आणि नोकरी होती चेंडू टाकण्याची. आमच्याकडे हे सांगितलं की लोकांना पटायचं नाही. क्रिकेट खेळून नोकरी म्हणजे रेल्वे, पोलीस नाहीतर बँक, आणि तीही रणजी खेळलेल्यालाच, एवढंच घरच्यांना ठाऊक. चेन्नईत मात्र तामिळनाडू क्रिकेट संघटनेची लीग वर्षानुवर्षं अशीच चालत आली आहे. कंपन्यांचे संघ, कंपन्यांच्या पगारावरचे खेळाडू, बाहेरच्या राज्यांतून आणलेले गोलंदाज, आणि झाडाखाली खुर्च्या टाकून बसणारे म्हातारे प्रेक्षक, ज्यांना तुमचा मागच्या वर्षीचा नो-बॉलही पाठ असतो. मी उजव्या हाताने वेगात टाकायचो, उंची बरी होती. एका क्लबने ट्रायल घेतली आणि ठेवून घेतलं.

राहायला ट्रिप्लिकेनमधलं एक मॅन्शन मिळालं. नावावर जाऊ नका. एकट्यादुकट्या पुरुषांच्या लॉजला तिथे मॅन्शन म्हणतात. एका खोलीत तिघे, बाहेर सामायिक संडास, खाली मेस. पहिले काही महिने रस्समभात खाऊन पोट भरलं तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही. भाकरीची आठवण यायची. पण गच्चीवर गेलं की चेपॉक स्टेडियमचे दिवे दिसत, आणि जलद गोलंदाजाला याहून चांगला शेजार कुठला हवा!

चेन्नईच्या उकाड्याबद्दल सगळेच बोलतात. चेपॉकवर सप्टेंबर 1986 मध्ये जो कसोटी सामना टाय झाला, त्यात ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने 210 धावा करताना मैदानातच ओकाऱ्या काढल्या आणि नंतर त्याला इस्पितळात सलाइन लावावं लागलं, ही गोष्ट तिथे शाळकरी पोरगाही सांगतो. त्याच उन्हात पलीकडून धावत येऊन चेंडू टाकणाऱ्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. उकाड्याचा खरा त्रास डोक्याला होत नाही, तो पायाला होतो. घाम पाठीवरून, मांड्यांवरून उतरत थेट बुटात जातो. मोजा भिजून जड होतो, आणि पुढचा पाय क्रीझवर आपटला की पाऊल बुटाच्या आत सरकतं. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण नेम गेलेला असतो. आम्ही खिशात कोरडे मोजे ठेवायचो आणि ड्रिंक्सला बदलायचो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की अंगात जीव यायचा आणि चेंडूही बोलायला लागायचा. त्या वाऱ्यासाठी कप्तान आमची दोन-तीन षटकं राखून ठेवायचा.

सुट्टीच्या दिवशी मी सकाळी चेतपेटला जायचो. हॅरिंग्टन रोडवर मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या शाळेचं मैदान आहे, तिथे एमआरएफ पेस फाउंडेशन. 1987 मध्ये ते सुरू झालं आणि शिकवायला आले ऑस्ट्रेलियाचे जलद गोलंदाज डेनिस लिली. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणून तिथेच गेला होता आणि लिलींनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितलं, हा किस्सा सर्वांना माहीत आहे. मला ओढ होती ती दुसऱ्याच एका मुलाच्या गोष्टीची. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान इंजिनिअरिंग सोडून मुंबईत क्रिकेट खेळायला आला. फाउंडेशनचे प्रशिक्षक टी. ए. शेखर यांनी त्याला हेरलं आणि चेन्नईला आणलं. श्रीरामपूर काय आणि मिरज काय! साखर कारखाना, एसटी स्टँड, मॅटिंगची विकेट. तिथून निघालेला पोरगा चेतपेटच्या या मैदानावरून जाऊन 2000 साली नैरोबीत भारताकडून खेळला आणि पुढे कसोटीत 311 बळी घेऊन थांबला. मी जाळीबाहेर उभा राहून बघायचो तेव्हा झहीर कधीचा निघून गेला होता, पण तो जिथून धावला ती जागा तरी समोर होती.

तिथे मी जे पाहिलं त्याने माझी समजूतच बदलली. मला वाटत होतं, वेग शिकवायचा म्हणजे जोरात टाकायला लावायचं. तिथली मुलं बराच वेळ चेंडूच टाकत नसत. तीन पावलं चालत यायचं, उडी घ्यायची, पुढचा पाय टेकवायचा आणि थांबायचं. मग पुन्हा मागे. आमच्या क्लबचे प्रशिक्षक, वय झालेले, कमी बोलणारे गृहस्थ, तेही याच विचाराचे. त्यांनी माझ्यासाठी क्रीझपासून मागे चुन्याची एक सरळ रेघ मारली आणि माझ्या पावलांचे ठसे दाखवले. मागचं पाऊल फलंदाजाकडे तोंड करून पडत होतं, म्हणजे कंबर समोर. खांदे मात्र आडवे, जुन्या पुस्तकातल्यासारखे. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. प्रत्येक चेंडूला ओली दोरी पिळावी तसा पाठीला पीळ बसत होता. याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. वेग येतो, विकेटही मिळतात, आणि किंमत कमरेचा मणका चुकती करतो. "तंबी (धाकट्या भावा), एक तर पूर्ण आडवा हो, नाहीतर पूर्ण समोर," एवढंच सरांनी सांगितलं आणि कामाला लावलं.

अ‍ॅक्शन बदलणं हे किती जिवावरचं काम आहे, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. शरीराला जे दहा वर्षं पाठ झालेलं असतं ते विसरायला लावायचं, आणि तेही हंगाम चालू असताना. नेट्समध्ये नवी अ‍ॅक्शन जमायची. सामन्यात एक चौकार बसला की पाय आपोआप जुन्या जागी पडायचा. सर खरोखर मनापासून शिकवत होते. पण संघ त्यांच्या हातात नव्हता. क्लबला निकाल हवा होता, पगार त्याचाच होता. दुसरा जलद गोलंदाज जखमी झाला आणि त्याचीही षटकं माझ्या वाट्याला आली. सामन्यात वीस-बावीस षटकं, दुसऱ्या दिवशी नेट्सवर फलंदाजांना सराव, मग पुन्हा सामना. किती चेंडू टाकले हे कुणी विचारलं नाही, कारण कुणी मोजतच नव्हतं. स्कोअरबुकात सामन्यातली षटकं असतात. नेट्सच्या चेंडूंना वही नसते.

मग एका सकाळी वाकून बुटाची नाडी बांधताना डाव्या बाजूला, कमरेच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत कळ आली. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा मणका बहुधा डावीकडेच जातो. डॉक्टरांनी मला एका पायावर उभं करून मागे झुकायला सांगितलं. झुकलो आणि ओरडलो. स्कॅनमध्ये शेवटच्या कमरेच्या मण्याला, पाचव्याला, केसासारखी चीर दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर. पडून, आपटून झालेलं नव्हे. त्याच जागी तोच ताण हजारो वेळा देऊन झालेलं. जलद गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का वर चढतो, आणि पाठ त्याच क्षणी मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि वळलेली असते. हाड स्वतःला दुरुस्त करतं, पण त्याला वेळ मिळाला पाहिजे. क्लबने पुढच्या हंगामाला मला बोलावलं नाही.

लिलींचीही पाठ 1973 मध्ये अशीच मोडली होती. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. प्लास्टरमध्ये राहून, मग ताकद परत मिळवून ते 1974-75 च्या अ‍ॅशेसमध्ये उतरले आणि निवृत्त झाले तेव्हा 355 बळींचा जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होता. पडून राहिलेल्या महिन्यांत मला या गोष्टीने फार आधार दिला.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची बातमी आली. लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भालाफेक करणारी ही दोन पोरं; बेसबॉल त्यांनी आधी हातातही धरलेला नव्हता. 2008 मध्ये मिलियन डॉलर आर्म नावाच्या स्पर्धेत रिंकूने ताशी 87 मैलांनी, म्हणजे 140 किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकला आणि जिंकला. दोघांना अमेरिकेत नेऊन बेसबॉल प्रशिक्षक टॉम हाउस यांच्या हाताखाली शिकवलं, आणि वर्ष संपायच्या आत पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने त्यांच्याशी करार केला. मी अंथरुणावर पडल्या पडल्या बेसबॉलबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. ओळखीतल्या एकाने अमेरिकेतून येताना एक बेसबॉल आणून दिला. आपल्या चेंडूपेक्षा किंचित हलका, शिवण नालासारखी वळलेली. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचा आणि आमचा धंदा एकच हे हातात घेतल्यावर समजलं. तो दहा इंच उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरून फेकतो, आम्ही धावत येऊन बावीस यार्डांवर टाकतो. त्याला कोपर वाकवता येतो, आम्हाला पंधरा अंशांपलीकडे सरळ करता येत नाही. त्यामुळे त्याचा कोपर जातो आणि आमची पाठ. कोपराच्या त्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन हे नावच पडलं आहे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, आणि तो माणूस नंतर आणखी 164 सामने जिंकून 1989 पर्यंत खेळला.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते त्यांच्या मोजणीने. तिथे प्रत्येक चेंडू मोजला जातो. सुरुवातीचा पिचर शंभराच्या आसपास पोहोचला की तो कितीही रंगात असो, त्याला बाहेर काढतात, आणि मग तो चार-पाच दिवस सामना खेळत नाही. मोठ्यांचं सोडा. लहान मुलांच्या लिटल लीगने 2007 पासून नियमच केला: अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात 85 च्या वर चेंडू टाकायचे नाहीत. आता तर 66 किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानेही मुलांसाठी अशी मर्यादा घातली होती. तेरा वर्षांखालच्याला एका दमात 5 षटकं आणि दिवसात 10. आपल्याकडे तेरा वर्षांचा पोरगा शाळेच्या सामन्यात एका टोकाकडून संपेपर्यंत टाकतो, आणि सगळे म्हणतात, काय दम आहे बघा!

हा दम नाही, ही उधारी आहे, आणि ती मोठेपणी वसूल होते. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेणारा झहीर त्याच वर्षी लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी 13.3 षटकं टाकून लंगडत बाहेर गेला आणि त्याचा दौरा संपला. जसप्रीत बुमराच्या पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो परत आला, आणि 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत 151.2 षटकं टाकून 32 बळी घेतले. सिडनीच्या शेवटच्या डावात, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज होती, तेव्हा त्याला चेंडू हातात घेता आला नाही. या माणसांकडे जगातले उत्तम फिजिओ होते. आमच्या मुलांकडे कोण आहे?

पाठ बरी झाल्यावर मी खालच्या डिव्हिजनमध्ये काही हंगाम खेळलो, नव्या अ‍ॅक्शनने, वेग कमी ठेवून. झहीरनेही 2006 मध्ये वुस्टरशायर या इंग्लिश कौंटीकडून खेळताना गोलंदाजी नव्याने बसवली होती आणि त्या मोसमात 78 बळी घेतले होते. माझं त्या मानाने काहीच नाही, पण फलंदाजाला चुकवायला वेग एकटाच लागत नाही हे मलाही त्या वर्षांत उमगलं, आणि खरं सांगतो, गोलंदाजीचा सर्वांत जास्त आनंद मला त्याच हंगामांनी दिला.

आता मी इथेच स्थायिक आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मुलांना शिकवतो. तामिळ मुलं असतात, तेलुगू असतात, बदली होऊन आलेल्या मराठी घरांतली दोन-चार असतात. प्रत्येक मुलाची एक दोनशेपानी वही आहे. सामना, नेट्स, शाळेचा तास, गल्लीतलं टेनिस बॉलचं क्रिकेट, सगळं त्यात येतं. मुलांनीच लिहायचं, मी सही करायची. पहिल्या महिन्यात मुलं खोटं लिहितात, कमी दाखवतात, कारण त्यांना टाकायचं असतं. नंतर एखाद्याची पाठ धरते, वही उघडून बघितली की त्यालाच आकडा दिसतो, आणि मग लिहिणं खरं होतं.

काल एक वडील भेटायला आले, पुण्याचे, इथे आयटी कंपनीत आहेत. मुलगा चौदाचा, वेग चांगला, निवड चाचणी दोन दिवसांवर. "दादा, आज जरा जास्त टाकू दे की त्याला. चाचणीला लय सापडायला हवी." मी वही दाखवली. आठवड्याचे चेंडू संपले होते. वडील रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. मुलगा तर माझ्याकडे बघेना. मी त्याला चुन्याच्या रेघेवर चेंडूशिवाय चालायला लावलं, उडी, पाऊल, थांब. दहा मिनिटांनी वडीलही शेजारी येऊन पावलं बघायला लागले आणि म्हणाले, मागचा पाय वाकडा पडतोय का हो? पडत होता. चाचणी मंगळवारी, म्हणजे नव्या आठवड्यात आहे, आणि त्याला तिथे सहा षटकं टाकता येतील एवढी जागा वहीत शिल्लक आहे.