पोवळ्याची लाली

आमच्या झरीत समुद्र पाहिलेली माणसं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी; पोवळं मात्र बऱ्याच घरांत. कुणाच्या पोतीत सोन्याच्या मण्यांमध्ये ओवलेलं, कुणाच्या अनामिकेत मंगळाला शांत करायला. कॉलेजात असताना माझ्याही बोटात एक आलं. मंगळाचं काय झालं ते त्यालाच ठाऊक. घामानं आणि रानातल्या कामानं खड्याची झिलई गेली, लाली मात्र राहिली.

राहणारच. दागिन्यातलं हे पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधुक उजेडात वाढणारं. रंग त्याच्या सांगाड्यातच मुरलेला असतो, म्हणून जीव गेल्यावरही टिकतो. जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही.

रंग बदलणारं पोवळं पाहिलं ते फार उशिरा, न्यू जर्सीत पुतण्याच्या घरी. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात दगडाला सुपरग्लूनं चिकटवलेला एक तुकडा. "काका, आणला तेव्हा नखाएवढा होता, चहाच्या चोथ्यासारखा." आता फांद्या जांभळ्या, टोकं पांढरट. "टोक पांढरं म्हणजे वाढ चालू, तिथं शैवाल अजून भरलेलं नसतं. बुडखा पांढरा पडला की माझी झोप उडते."

तो तपकिरी रंग या शैवालाचा. पोवळ्याच्या अंगात ते लाखोंनी राहतं, उजेडावर साखर बनवतं आणि घरमालकाला जेवू घालतं. उजेड कमी पडला किंवा पाण्यात नायट्रेट वाढलं की शैवाल दाटतं, तपकिरी गडद होतो. उजेड प्रखर झाला की पोवळं स्वतःची रंगद्रव्यं तयार करतं, काही अंशी उन्हापासून बचावासाठी. पण दिव्याखाली एकदम सरकवलं तर शैवाल बाहेर टाकून पांढरंफटक पडतं. म्हणून पुतण्या ते हळूहळू वर चढवतो. शिवाय पाणी 25-26 अंशांवर, आणि थेंब मोजून कॅल्शियमची तपासणी. सांगाडा त्याचाच बनतो.

पुढे मालवणला गेलो. तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं. सिंधुदुर्ग किल्ल्यालगत पाण्यात डोकं घातलं, तर गढूळ पाण्यात मातकट, तपकिरी गड्डे. सोबतच्यांचा हिरमोड झाला. मला ते टाकीतल्या जांभळ्यापेक्षा आवडले. टाकीवाले ज्या तपकिरीला नाकं मुरडतात, तिच्यावरच तर पोवळ्याचं पोट चालतं.

मालवणला जाल तेव्हा पोवळं पाण्यातच पाहा, त्यावर पाय टेकू नका. कुणी टाकीसाठी तुकडा देऊ केला तर घेऊ नका. दगडी पोवळ्याच्या साऱ्या जाती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत.